गिटार-बेंजोसाठी ध्वनिवर्धक कोणता?

गणपतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की गावची जत्रा असो, आपल्या नगर जिल्ह्यात बेंजोपार्टीचा आवाज कधीच ऐकला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण तोंडात बसलेले नगर लवकर सुटत नाही.) एका गाडीवर बेंजो मांडलेला असतो. वाजवणारा एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबतो, दुसऱ्या हाताने तारा छेडतो, आणि गाडीवरच्या बॉक्समधून निघालेली चाल पार पुढच्या चौकापर्यंत ऐकू जाते. आता त्या वाद्याची पीन काढून टाका. तीच चाल त्याच जोराने वाजवली तरी चार पावलांवरच्या माणसाला ती धड ऐकू येणार नाही. सगळी करामत मधल्या पेटीची, म्हणजे ध्वनिवर्धकाची आहे. आपल्याकडे तिला नुसते 'मशीन' म्हणतात.

हा बेंजो अमेरिकेतल्या कातडे मढवलेल्या बॅंजोचा कोणी लागत नाही. त्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचे कळांचे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात आले, बुलबुलतरंग झाले, आणि त्याला विजेची जोड मिळाल्यावर महाराष्ट्राच्या रस्त्यावरचा बेंजो झाले. विद्युत गिटार दिसायला निराळी असली तरी शास्त्राच्या दृष्टीने ही दोघे भावंडेच आहेत. दोघांच्याही तारा पोलादी, दोघांच्याही तारांखाली चुंबक. म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गिटार घेतलेल्या मुलांना आणि मंडळासाठी बेंजो घेतलेल्या तरुणांना प्रश्न एकच पडतो: ध्वनिवर्धक कोणता घ्यावा?

दुकानात गेल्यावर या प्रश्नाचे रूपांतर लगेच "किती वॅटचा घ्यावा?" असे होते. जितके जास्त वॅट तितका आवाज मोठा, अशी सर्वांची समजूत असते. वॅटचा प्रश्न महत्त्वाचा आहे खरा, पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न तारेपाशी सुरू होतो.

तारेची वीज कशी होते?

तारांच्या खाली एक छोटी पट्टी असते. तिच्यात चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार चुंबकाजवळ असल्यामुळे तीही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र त्याच तालात कमीजास्त होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हा मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावलेला शोध तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. या तत्त्वावरची गिटार जॉर्ज बोशॅम्प यांनी अमेरिकेत १९३१ च्या सुमारास तयार केली. तिचा आकार तळण्याच्या कढल्यासारखा होता, म्हणून लोकांनी तिला तेच नाव दिले!

हे पडताळून पाहायचे असेल तर प्रयोगशाळेतला सोनोमीटर बाहेर काढा. एका दंडचुंबकाच्या टोकाभोवती बारीक एनॅमल तारेचे हजारभर वेढे द्या. वेढे मोजायला कंटाळा येईल, पण दोघांनी मिळून केले तर तासाभरात होतात. ते टोक सोनोमीटरच्या पोलादी तारेखाली, तारेला लागणार नाही इतके जवळ ठेवा आणि वेटोळ्याची दोन टोके छोट्या ध्वनिवर्धकाला जोडा. तार छेडताच आवाज येईल. आता पोलादाऐवजी पितळी तार लावा. ती तितकीच थरथरेल, पण ध्वनिवर्धक गप्प राहील. पितळ चुंबकित होत नाही ना! नायलॉनच्या तारांच्या गिटारीला असली पट्टी लावून उपयोग का होत नाही, तेही यावरून कळेल.

या वेटोळ्यातून मिळणारा विद्युतदाब फार थोडा असतो. साधारणपणे एका व्होल्टचा दहावा भाग, जोरात छेडले तर त्याच्या काही पट. ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी असलेला रोध १० लाख ओहम धरला, तर ०.१ व्होल्ट दाबाने तेथे पोहोचणारी शक्ती वॅटचा दहा कोटीवा भाग भरते. बाहेर मात्र १०० वॅट हवे आहेत. म्हणजे एक हजार कोटी पट!

इतकी शक्ती येते कोठून? ती तारेतून येत नाही. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आठवा. दरवाजाचे चाक फिरवणारा माणूस आपल्या हाताने पाणी ढकलत नाही. पाण्याचा जोर धरणात आधीच साठलेला असतो, माणूस फक्त दरवाजा किती उघडायचा ते ठरवतो. ध्वनिवर्धकात तसेच घडते. शक्ती विजेच्या प्लगातून किंवा बॅटरीतून येते. तारेचा दुबळा संदेश फक्त दरवाजा हलवतो. हा दरवाजा पूर्वी निर्वात नलिकेचा असे. ली द फॉरेस्ट यांनी १९०६ साली तशी नलिका बनवली. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्याने नलिकेची जागा घेतली.

पीन कोठे खोचायची?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सभेसाठी वापरल्या जाणाऱ्या मशीनवर 'माइक' असे लिहिलेली भोके असतात. गिटारची पीन त्यात बसते, आवाजही येतो. पण तो कसा येतो? घोंगडीखालून आल्यासारखा, आणि जोरात छेडले की फाटका.

यामागे दोन कारणे आहेत. एक सोपे आहे. ध्वनिक्षेपकाकडून, म्हणजे माइककडून काही हजारांश व्होल्टच येतात, आणि माइकचे भोक तेवढ्यासाठीच केलेले असते. गिटार त्याच्या पन्नास-शंभर पट दाब पाठवते. दारातच कोंडी होते आणि आवाज फाटतो.

दुसरे कारण जास्त मजेचे आहे. वेटोळ्याला नुसता रोध नसतो, प्रवर्तकत्वही असते. त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा त्याचा एकूण विरोध वारंवारतेबरोबर वाढत जातो. या एकूण विरोधाला संरोध म्हणतात. दुकानदार त्याला इम्पिडन्स म्हणेल. समजा वेटोळ्याचा रोध ७ हजार ओहम आणि प्रवर्तकत्व ४ हेन्री आहे. २०० हर्ट्‌झच्या खर्जाच्या स्वराला प्रवर्तकत्वाचा विरोध सुमारे ५ हजार ओहम होतो. ३००० हर्ट्‌झला तोच ७५ हजार ओहम होतो. (दोन गुणिले पाय गुणिले वारंवारता गुणिले प्रवर्तकत्व, गुणाकार करून पाहा.) मशीनच्या भोकाचा संरोध १० हजार ओहम असेल, तर वेटोळे आणि मशीन या दाबाची आपसात वाटणी करून घेतात. खर्जाच्या स्वराचा निम्म्याहून थोडा जास्त दाब मशीनला मिळतो, पण ३००० हर्ट्‌झच्या स्वराचा फक्त आठवा भाग. तारेच्या आवाजातली चमक, तो 'टणत्कार', याच उंच वारंवारतांमध्ये असतो. तोच वाटेत मारला जातो! भोकाचा संरोध १० लाख ओहम असेल तर दोन्ही स्वर जवळजवळ पूर्ण पोहोचतात.

म्हणून गिटार-बेंजोसाठी ध्वनिवर्धक पाहताना वॅटच्या आधी हे पाहा: त्याला वाद्यासाठी वेगळे, उच्च संरोधाचे भोक आहे का? गिटारसाठी बनवलेल्या ध्वनिवर्धकांना ते असतेच. सभेच्या मशीनला नसेल, तर मध्ये एक छोटी पूर्ववर्धकाची डबी लावावी लागते. ती एका ट्रान्झिस्टरवर आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि मोठे मशीन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आवाज घुमट येतो म्हणून दुप्पट वॅटचे मशीन आणावे आणि त्यातून दुप्पट घुमट आवाज ऐकावा, हा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा तो प्रकार आहे.

वॅट आणि डेसिबेल

आता वॅट. १०० वॅटच्या जागी २०० वॅटचे मशीन आणले तर आवाज दुप्पट होईल का? नाही. आपल्या कानाची मोजण्याची रीत बेरजेची नसून गुणाकाराची आहे. म्हणून आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली की पातळी ३ डेसिबेलने वाढते, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असे वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट. १०० वॅटच्या दुप्पट 'वाटणारा' आवाज हवा असेल तर १००० वॅट हवेत!

अंतराचा हिशेबही असाच आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलने उतरते. १ मीटरपासून २, ४, ८, १६, ३२ मीटर अशी पाच वेळा दुप्पट केली की ३० डेसिबेल गेले.

आता एक खरे गणित करू. तुमच्या शाळेच्या मैदानावर ३२ मीटर अंतरावरच्या शेवटच्या रांगेला ७५ डेसिबेलने गाणे ऐकू जावे, एवढी इच्छा धरू. म्हणजे बॉक्सपासून १ मीटरवर १०५ डेसिबेल हवेत. प्रत्येक बॉक्सच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते: १ वॅट दिला असता १ मीटरवर किती डेसिबेल मिळतात, हा तो आकडा. तो ९० असेल तर अजून १५ डेसिबेल लागतील, म्हणजे सुमारे ३२ वॅट. तार छेडली की आवाज क्षणभर उसळतो. त्या उसळीसाठी तीनपट जागा ठेवली तर १०० वॅट झाले. एवढ्या मैदानाला यापेक्षा जास्त कशाला हवे?

आणि बॉक्सऐवजी कर्णा लावला तर? कर्ण्याची संवेदनशीलता सहज १०५ डेसिबेल असते. म्हणजे ३२ वॅटचे काम तो एका वॅटमध्ये करतो! कर्ण्याचे निमुळते तोंड हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे छोट्या पडद्याची हालचाल बाहेरच्या हवेला नीट सोपवली जाते, आणि आवाज चहूकडे विखुरण्याऐवजी एका दिशेला जातो. पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या यात्रेसारख्या गर्दीत सूचना देण्यासाठी कर्णाच लावतात, तो यामुळेच. पण फुकट काही मिळत नाही. असा कर्णा सुमारे ३०० हर्ट्‌झच्या खाली फारसे काही देत नाही. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झला वाजते. कर्ण्यातून ती तिच्या वरच्या आवर्तस्वरांमुळे ओळखू येते एवढेच, तिचे वजन नाहीसे होते. बोलण्याला कर्णा, गाण्याला बॉक्स, अशी वाटणी ठेवावी. बेंजो मुख्यतः उंच सुरांत वाजतो, म्हणून कर्ण्यातूनही त्याचे बऱ्यापैकी निभावते. रस्त्यावर त्याचा जम बसण्याचे हे एक कारण असावे, असे मला वाटते.

तमाशाच्या फडाचा विचार करा. संगमनेरला २०२१ साली निधन पावलेल्या कांताबाई सातारकर यांच्यासारख्या कलावंतांनी उघड्या मैदानात हजारो माणसांसमोर कला सादर केली. अशा मैदानात ढोलकी दूरवर जाते, तुणतुण्याची तार मात्र जवळच विरून जाते. कोणत्या वाद्याला वर्धन किती लागते, हे त्या वाद्यावर आणि मैदानावर ठरते. छापील वॅटवर नाही.

छापील वॅटवरून आठवले. काही पेट्यांवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे हजारोंचे आकडे असतात. त्यांना शास्त्रात काही स्थान नाही. सतत देता येणारी सरासरी शक्ती किती, तेवढेच विचारा. बॅटरीवर चालणारी पेटी असेल तर तुम्ही स्वतःच तपासू शकता. १२ व्होल्टच्या बॅटरीवर, दाब वाढवण्याची सोय नसलेले वर्धक ४ ओहमच्या स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलत असेल, तर स्पीकरवर जास्तीत जास्त १२ व्होल्टचे शिखर मिळते. त्याची वर्गमाध्य किंमत ८.५ व्होल्ट. वर्ग करा, ४ ने भागा: १८ वॅट. ओहमचा नियम दुकानाच्या जाहिरातीला भीत नाही.

लांब तारेचा खर्च

मंडपात मशीन एका टोकाला आणि बॉक्स १०० मीटर दूर, असा प्रसंग नेहमी येतो. जाणे-येणे धरून तार २०० मीटर झाली. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १७ ओहम असतो, म्हणजे आपल्या तारेचा साडेतीन ओहमच्या आसपास. १०० वॅटचे मशीन ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे २८ व्होल्ट देते. मध्ये साडेतीन ओहम आले की स्पीकरला ४८ वॅट मिळतात आणि २१ वॅट तार तापवण्यात जातात. उरलेले मशीनकडून निघतच नाहीत.

सभेच्या मशीनमागे '१०० व्होल्ट' लिहिलेला एक खिळा असतो, तो यासाठीच. तेथून तीच शक्ती जास्त दाबाने आणि कमी प्रवाहाने पाठवायची, आणि पलीकडे छोट्या रोहित्राने पुन्हा उतरवून स्पीकरला द्यायची. आता तारेत सुमारे ३ वॅटच वाया जातात. गावाबाहेरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या वाहिन्यांमागचे तत्त्व हेच आहे. मात्र या खिळ्याला ८ ओहमचा साधा बॉक्स रोहित्राशिवाय कधीही जोडू नका. स्पीकर जळेल, किंवा मशीन तरी.

ओहमचे गणित दोन बॉक्स जोडतानाही लागते. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. मशीनवर 'किमान ४ ओहम' लिहिले असेल तर तिसरा बॉक्स आणणारा मित्र कितीही जवळचा असला तरी त्याला नाही म्हणावे. नलिकेच्या ध्वनिवर्धकाची आणखी एक खोड लक्षात ठेवा: स्पीकर न जोडता तो चालू करून जोरात वाजवला तर त्याचे बाहेरचे रोहित्र निकामी होऊ शकते.

गिटारचा ध्वनिवर्धक निराळा का?

सभेच्या किंवा रेडिओच्या ध्वनिवर्धकाकडून आपली अपेक्षा असते की जे आत जाईल तेच बाहेर यावे. गिटारच्या ध्वनिवर्धकाकडून ती नसते. तो वाद्याचाच एक भाग असतो. त्याचा १२ इंची कागदी शंकूचा स्पीकर ५ हजार हर्ट्‌झच्या वर मुद्दाम फारसे देत नाही, कारण तेथे तारेचा किर्र आवाज आणि फाटण्यातून निघणारी खरखर असते. त्यामुळे त्या ध्वनिवर्धकात की-बोर्ड किंवा माइक लावला तर आवाज मंद वाटतो. सर्वांसाठी एकच पेटी घ्यायची असेल तर सभेचे मशीन आणि पूर्ववर्धक ही जोडी बरी. फक्त गिटारसाठी घ्यायची असेल तर गिटारचीच पेटी घ्यावी.

फाटण्याचीही एक कथा आहे. जिम मार्शल हे लंडनमधले ड्रम विकणारे दुकानदार. वादकांना जास्त जोराचे ध्वनिवर्धक हवे होते, म्हणून १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ते बनवायला घेतले. वादक नलिका अगदी शेवटपर्यंत ताणून वाजवू लागले. क्षमता संपली की तरंगाचे माथे कापले जातात आणि नवे आवर्तस्वर जन्म घेतात. नलिकेत हे माथे हळूहळू गोलसर दबतात, साध्या ट्रान्झिस्टर वर्धकात ते चाकूने कापल्यासारखे सपाट होतात. पहिला प्रकार कानाला गोड वाटला आणि दोषाचे शैलीत रूपांतर झाले. पण तुमच्या मंडळाचे सभेचे मशीन फाटके वाजत असेल तर त्याला शैली समजू नका. माथे कापलेल्या तरंगात नेहमीपेक्षा दुपटीपर्यंत शक्ती असू शकते, आणि त्यात बॉक्समधला उंच स्वरांचा छोटा स्पीकर आधी जातो.

सर्वांत जवळचा श्रोता

वरच्या मैदानाच्या गणितात एक माणूस आपण विसरलो. शेवटच्या रांगेला ७५ डेसिबेल मिळाले, पण बॉक्सपासून १ मीटरवर १०५ होते. तेथे कोण असते? वाजवणारा स्वतः, आणि गाडी ढकलणारी मुले. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करावा, असा एक सर्वमान्य दंडक आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. १०५ ला पाच मिनिटेसुद्धा पुरी नाहीत. मिरवणूक पाच तास चालते.

कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी आवाजाचे संदेशात रूपांतर करतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुधा आधी जातात त्या उंच स्वरांच्या. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात 'कुईं' वाजत राहते, ती त्यांची तक्रार असते. सकाळी ती थांबली म्हणजे सगळे भरून आले असे नाही.

म्हणून निवड करताना एक प्रचंड बॉक्स घेण्याऐवजी दोन-तीन लहान बॉक्स घेऊन ते श्रोत्यांच्या रांगांजवळ विभागून ठेवणे हे शास्त्रीयदृष्ट्या चांगले. प्रत्येकाला ८ मीटरपर्यंतच पोहोचायचे असेल तर ३२ मीटरच्या मानाने १२ डेसिबेल वाचतात. १ मीटरवर ९३ डेसिबेल पुरतात, आणि शक्ती सोळापट कमी लागते. बॉक्स कानाच्या उंचीला वादकाच्या डोक्यापाशी न ठेवता वर उचलून ठेवावा. गाडीवरच्या मुलांना फोमचे कानातले बोळे द्यावेत. कापूस पुरत नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिवर्धक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सणांसाठी सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल आहे, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाचा आवाज ७५ च्या वर जाता कामा नये. आपण मैदानाच्या गणितात ७५ चा आकडा धरला तो म्हणूनच. वस्तीत तो आणखी खाली, ६५ पर्यंत आणावा लागतो, कारण तेथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेलच जास्त चालतात. ६५ साठी वरच्या गणितातले ३२ वॅट सव्वातीनवर येतात. वेगवेगळ्या मंडळांच्या बॉक्सच्या भिंती पाहिल्या की वाटते, त्यांनी हे गणित एकदा तरी वहीवर करून पाहायला हवे होते.

खरेदीला जाताना

घरात सराव करायचा असेल तर ५ ते १० वॅटचा गिटारचा ध्वनिवर्धक पुष्कळ झाला. गिटारच्या स्पीकरची संवेदनशीलता ९७ डेसिबेलच्या आसपास असते, तेव्हा ५ वॅटमध्येसुद्धा १ मीटरवर १०४ डेसिबेल निघू शकतात. शेजारी भांडायला तेवढे पुरे! शाळेच्या सभागृहात ड्रमबरोबर वाजवायचे असेल तर ३० ते ५० वॅट. मैदानासाठी आपला १०० वॅटचा हिशेब वर आलाच आहे. वीज जाण्याची भीती असेल तर बॅटरीचाही हिशेब करा. १०० वॅट बाहेर काढणारे वर्धक ६० टक्के कार्यक्षमतेने चालले तर बॅटरीतून सुमारे १६७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १४ अँपिअर ओढते. ६० अँपिअर-तासांची बॅटरी सतत पूर्ण जोरात चार तासही नीट टिकणार नाही. गाण्यात जोर कमीजास्त होतो म्हणून प्रत्यक्षात ती जास्त चालते, पण मिरवणुकीच्या आधी ती पूर्ण भरलेली असावी.

दुकानात स्वतःचे वाद्य घेऊन जा. आधी आवाज बारीक ठेवून ऐका, मोठा करून सगळेच छान वाटते. मग तार न छेडता आवाजाची कळ वाढवत न्या आणि ५० हर्ट्‌झचा घुंग आवाज किती येतो ते पाहा. हात तारांवर ठेवला की तो कमी होत असेल तर बहुधा दोष वाद्याच्या आवरणात आहे. काहीही केले तरी तसाच राहिला तर मशीनकडे संशयाने पाहा.

शेवटी प्लग उलटा करून पाहा: तीन पिना आहेत ना? विद्युत गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि वादकाची बोटे त्या तारांवर असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि भूसंपर्क नसला, तर दुसऱ्या हाताने माइक धरताच प्रवाह छातीतून जातो. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वॉन्झी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक याच तऱ्हेने रंगमंचावर मरण पावला. आपल्याकडे मिरवणुका भाद्रपदात निघतात, जमीन ओली असते, वायर चिखलातून जाते आणि वीज जनरेटरची असते. तिसरी पीन कापून दोन पिनांच्या भोकात खोचलेला प्लग दिसला तर वाजवायला सुरुवात करू नका. जनरेटरपाशी जमिनीत गाडलेली भूसंपर्काची सळई आणि ओळीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच, या दोन वस्तू मशीनच्या किमतीत धरूनच मंडळाने अंदाजपत्रक करावे. पैसे कमी पडले तर वॅट कमी करा.